चहाचे बोलावणे : चीनमध्ये शंभर वाचक असलेल्या माणसालाही पोलीस का बोलावतात?

वाटसरू

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळत असलेला एक प्रश्न इथे मांडतो. १५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. चीनने मात्र आपल्या बाजूचा आकडा आठ महिने दडवून ठेवला आणि १९ फेब्रुवारी २०२१ रोजी चार सैनिक मृत्यू पावल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी छ्यू झमिंग नावाच्या एका माजी पत्रकाराने वेइबोवर (ट्विटरसारख्या चिनी संकेतस्थळावर) शंका विचारली. वाचवायला धावलेले सैनिक जर मेले असतील, तर ज्यांना वाचवता आले नाही असेही काही जण असणार. मग आकडा चारच कसा, एवढाच त्याचा मुद्दा होता. दुसऱ्या दिवशी नानजिंगच्या पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले, त्याच्याकडून सरकारी दूरचित्रवाणीवर माफी मागवून घेतली आणि ३१ मे रोजी न्यायालयाने त्याला आठ महिन्यांची कैद सुनावली. 'वीरांची बदनामी' हा ज्या कलमाखालचा गुन्हा, ते कलम लागू झाले १ मार्चला, म्हणजे त्याने लिहिल्यानंतर.

त्याचे पंचवीस लाख अनुयायी होते, त्यामुळे सत्तेला तो खुपला हे मी समजू शकतो. मात्र चीनमधून येणाऱ्या बातम्या वाचताना असे दिसते की, ज्यांना त्यांच्या गल्लीबाहेर कोणी ओळखत नाही अशा माणसांनाही दोन ओळींसाठी पोलीस घरी येऊन नेतात. एवढ्या बलाढ्य राज्याला अशा माणसाची भीती का वाटावी? ज्यांना तिथला अनुभव आहे किंवा ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया लिहावे.

सातारकर

वाटसरू, धागा काढल्याबद्दल आभार. गलवानचा आकडा विचारणाऱ्या चिनी माणसाला कैद झाली, हे मला आजच कळले. आपल्या जवानांच्या मृत्यूशी त्याचा प्रश्न जोडलेला आहे, म्हणून ते अधिक लागले.

नीलकंठ

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. एकशे चाळीस कोटींच्या देशात एखादी अफवा पसरली तर काय होते, हे आपण भारतात पाहिले आहे. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्यामागे फोनवर फिरणारे संदेशच होते. त्यामुळे सरकारने संदेशांवर नजर ठेवली आणि चुकीचे लिहिणाऱ्याला बोलावून समज दिली, तर त्याला लगेच हुकूमशाही म्हणावे का? मला हा प्रश्न प्रामाणिकपणे पडतो.

शांघायवारी

मी २०११ ते २०१७ या काळात चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीच्या कामासाठी शांघायमध्ये राहिलो, म्हणून जे पाहिले व ऐकले ते लिहितो.

तिथे या गोष्टीला 'चहा प्यायला जाणे' असे म्हणतात. कोणी सहकारी सकाळी उशिरा आला आणि "काल चहा प्यायलो" एवढेच म्हणाला, की बाकीचे पुढे विचारत नसत. दुसरा शब्द 'पाण्याचे मीटर तपासणे'. पोलीस दारावर येतात तेव्हा आतल्याने दार उघडावे म्हणून पाण्याचे मीटर बघायला आलो असे सांगतात, अशी तिथली समजूत आहे, आणि त्यावरून कोणी जरा धाडसी मजकूर लिहिला की खाली लोक लिहितात, "दार उघडू नकोस, मीटरवाले येतील." तिसरा शब्द 'परप्रांत'. एका प्रांताचे पोलीस दुसऱ्या प्रांतात जाऊन लिहिणाऱ्याला उचलून आणतात, त्यासाठी तो वापरतात. २००९ मध्ये हेनान प्रांतातील लिंगबाओ गावचे पोलीस थेट शांघायला आले होते. तिथे नोकरी करणाऱ्या एका तरुणाने आपल्या गावाकडच्या जमीन संपादनातील गैरप्रकारांविषयी इंटरनेटवर लिहिले होते, एवढाच त्याचा गुन्हा. आठ दिवसांनी त्याला सोडले आणि बोभाटा झाल्यावर पोलिसांना माफी मागावी लागली.

नीलकंठ, आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की, त्या तरुणाने लिहिलेले खोटे नव्हते. तिथे 'अफवा' हा शब्द खऱ्याखोट्यावरून ठरत नाही. सरकारने सांगण्याआधी कोणी सांगितले की ती अफवा होते.

अ‍ॅड. रेवती

मी फौजदारी वकिली करते. तुलनात्मक कायद्याच्या अभ्यासासाठी चिनी कायद्याचे भाषांतर वाचण्याचा योग आला होता, त्यातून जे हाती लागले ते सविस्तर लिहिते, कारण 'पोलीस उचलतात' या एका वाक्यात तिथे चार वेगवेगळ्या गोष्टी येतात.

सर्वांत खालची पायरी म्हणजे बोलावून समज देणे व लेखी हमी घेणे. त्यानंतर येते प्रशासकीय स्थानबद्धता. यात पोलीसच आरोप ठेवतात, पोलीसच निर्णय देतात आणि १५ दिवसांपर्यंत आत ठेवतात. न्यायाधीशासमोर नेण्याचा संबंधच येत नाही. तिसरी पायरी फौजदारी अटकेची. त्यातही औपचारिक अटकेला सरकारी अभियोक्त्यांची मंजुरी मिळेपर्यंत ३७ दिवस ठेवता येते. आपल्याकडे २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते, हे लक्षात घेतले की ३७ या आकड्याचे वजन कळते. चौथी पायरी सर्वांत भयंकर आहे. तिचे नाव 'नेमलेल्या ठिकाणी निवासी देखरेख'. नाव ऐकून नजरकैद वाटते, पण ते ठिकाण त्या माणसाचे घर नसते आणि तुरुंगही नसतो. अतिथिगृहातली किंवा पोलिसांच्या एखाद्या इमारतीतली खोली असते, आणि तिथे सहा महिन्यांपर्यंत ठेवता येते. कुटुंबाला कळवावे असे कायदा म्हणतो, पण कुठे ठेवले आहे हे सांगितलेच पाहिजे असे म्हणत नाही. ९ जुलै २०१५ पासून जवळपास तीनशे मानवाधिकार वकील व कार्यकर्ते ताब्यात घेतले गेले, त्यांपैकी अनेकांना या मार्गाने गायब केले. माझ्याच पेशातली ही माणसे होती, त्यामुळे मी ते अलिप्तपणे लिहू शकत नाही.

आता कलमाविषयी. सर्वाधिक वापरले जाणारे कलम म्हणजे फौजदारी संहितेचे २९३ वे. त्याचा अर्थ ढोबळमानाने 'कुरापत काढून उपद्रव माजवणे' असा होईल. जुन्या संहितेत 'गुंडगिरी' नावाचा एक अतिशय सैल गुन्हा होता. १९९७ मध्ये तो रद्द करून त्याचे तुकडे केले, त्यांतला हा एक. तो मूळचा रस्त्यावर दंगा करणाऱ्यांसाठी होता. सप्टेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालय व सर्वोच्च अभियोक्ता कार्यालयाने मिळून असे स्पष्टीकरण काढले की, इंटरनेटवर खोटी माहिती पसरवून गोंधळ माजवणाऱ्यालाही हे कलम लागते. म्हणजे घरी पलंगावर बसून लिहिणारा माणूस भर चौकात दंगा करणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसला. त्याच स्पष्टीकरणात बदनामीसाठी मोजमापही दिले: मजकूर ५,००० वेळा पाहिला गेला किंवा ५०० वेळा पुढे पाठवला गेला, तर प्रकरण 'गंभीर' आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

देवदत्त

म्हणजे आपला मजकूर किती जणांनी पुढे पाठवावा, हे ज्याच्या हातात नाही, त्याची शिक्षा त्यावर अवलंबून?

अ‍ॅड. रेवती

होय, देवदत्त. आणि तो नियम आला त्याच महिन्यात पहिला मोठा बळी कोण ठरला, तर कान्सू प्रांतातील झांगज्याछ्वान या लहानशा तालुक्याच्या ठिकाणचा १६ वर्षांचा शाळकरी मुलगा. गावात एका गाण्याच्या क्लबचा व्यवस्थापक मृतावस्थेत सापडला होता, आणि पोलीस नीट तपास करत नाहीत असे या मुलाने लिहिले. ते पाचशेहून अधिक वेळा पुढे गेले. पोलीस शाळेत आले व त्याला घेऊन गेले. देशभरातील वकिलांनी व वेइबोवरील लोकांनी इतका आरडाओरडा केला की फौजदारी आरोप मागे घेऊन सात दिवसांच्या प्रशासकीय स्थानबद्धतेवर प्रकरण मिटवले गेले. वाटसरू, आपल्या प्रश्नातला 'गल्लीबाहेर कोणी ओळखत नाही' असा माणूस हाच.

मेडिको_लातूर

मी हे लिहावे की नाही, याचा दोन दिवस विचार केला. मी हुपेइ प्रांतात वैद्यकीय शिक्षण घेत होतो. वूहानमध्ये कोरोनाची साथ पसरल्यावर फेब्रुवारी २०२० च्या सुरुवातीला एअर इंडियाच्या विमानाने आम्हाला दिल्लीला आणले आणि मानेसरच्या लष्करी छावणीत विलगीकरणात ठेवले. एका मोठ्या खोलीत रांगेने खाटा, प्रत्येकाच्या तोंडावर मास्क, आणि दिवसभर फोनशिवाय दुसरे काही नाही.

६ फेब्रुवारीच्या रात्री आमच्या वर्गाच्या वीचॅट (व्हॉट्सअ‍ॅपसारखे चिनी अ‍ॅप) गटावर डॉक्टर ली वेनल्यांग गेल्याची बातमी आली. थोड्या वेळाने ती खोटी असल्याचे आले. मग आपल्याकडे रात्रीचा सव्वा वाजला असेल, तेव्हा रुग्णालयानेच ते गेल्याचे जाहीर केले. माझ्या चिनी वर्गमित्रांपैकी जे कधी हवामान आणि परीक्षा यांपलीकडे बोलत नसत, तेही त्या रात्री लिहीत होते. वेइबोवर 'मला अभिव्यक्तिस्वातंत्र्य हवे' असा एक धागा वर आला. मी तो उघडला, वाचायला सुरुवात केली, पलीकडच्या खाटेवरच्या मित्राला उठवून दाखवायला गेलो तोवर पान उघडेना. सकाळपर्यंत तो पुरता नाहीसा झाला होता.

त्यांची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल, तरी त्या कागदाविषयी लिहितो, कारण तो मी अनेकदा पाहिला आहे. ली वेनल्यांग हे वूहान मध्यवर्ती रुग्णालयातील ३४ वर्षांचे नेत्रतज्ज्ञ. ३० डिसेंबर २०१९ रोजी त्यांनी आपल्या जुन्या वर्गमित्रांच्या गटावर लिहिले की मासळी बाजारातून सार्ससारखे सात रुग्ण आले आहेत, घरच्यांना जपा. ३ जानेवारीला पोलीस ठाण्यात बोलावून त्यांच्यापुढे एक छापील कागद ठेवला. त्यावर आधी त्यांनी कायदा मोडला असे लिहिलेले आहे. मग, असे लिहिणे थांबवावे असे सांगून पोलिसांचा प्रश्न आहे : हे तुम्हाला जमेल का? त्यापुढे हाताने लिहिलेले आहे : जमेल. मग, न ऐकल्यास काय होईल ते सांगून दुसरा प्रश्न : समजले का? त्यापुढे : समजले. आणि दोन्ही उत्तरांवर लाल शाईचा अंगठा. एका डॉक्टरचे अक्षर, पण परीक्षेत नापास झालेल्या मुलाने बाईंना लिहून द्यावे तसे ते दोन शब्द दिसतात. आजारी पडल्यावर त्यांनीच त्या कागदाचे छायाचित्र वेइबोवर टाकले.

हा मजकूर वर्गमित्रांच्या गटावर होता, चौकात नव्हता. वाटसरू, आपण शंभर वाचकांविषयी विचारले आहे. इथे तर केवळ ओळखीची माणसे होती.

मृण्मयी

मेडिको, लिहिलेत ते फार चांगले केलेत. 'समज देऊन सोडून दिले' हे वाक्य आपण बातमीत किती सहज वाचतो. ती समज कागदावर कशी दिसते, हे आज कळले.

नीलकंठ

मेडिको, आपले लिखाण वाचून मी अस्वस्थ झालो, हे मान्य करतो. पण न्याय्य राहायचे तर हेही नोंदवायला हवे की, चीनच्या केंद्रीय पर्यवेक्षण आयोगाने चौकशी केली, १९ मार्च २०२० रोजी ती समज अयोग्य असल्याचे सांगितले, आणि वूहानच्या पोलिसांनी ती रद्द करून कुटुंबाची माफी मागितली. म्हणजे व्यवस्थेला स्वतःची चूक दुरुस्त करता येते.

अ‍ॅड. रेवती

नीलकंठराव, माफी मागितली हे खरे आहे. पण नेमके काय दुरुस्त झाले, तेही पाहू. एक कागद रद्द झाला. ज्या पद्धतीने तो कागद तयार होतो, ती पद्धत होती तशीच राहिली. त्या माफीनंतर दोन महिन्यांनी, मे २०२० मध्ये, झांग झान यांना ताब्यात घेतले गेले. त्या पूर्वी वकील होत्या; फेब्रुवारीत स्वतः वूहानला जाऊन रुग्णालये, रिकामे रस्ते, स्मशाने यांचे चित्रण त्यांनी फोनवर केले व टाकले. आरोप तोच, २९३. २८ डिसेंबर २०२० रोजी चार वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी कोठडीत अन्न सोडले, तेव्हा नाकातून नळी घालून त्यांना अन्न दिले जात असे, आणि शिक्षा ऐकायला त्या चाकाच्या खुर्चीवर आल्या. मे २०२४ मध्ये सुटल्या आणि ऑगस्टमध्ये पुन्हा ताब्यात घेतल्या गेल्या. जर पहिली माफी मनापासूनची असती, तर हे दुसरे प्रकरण घडले नसते, असे मला वाटते.

कृष्णाकाठ

मी सहसा वाचून गप्प बसणारा सदस्य आहे, पण अ‍ॅड. रेवती यांनी 'कुठे ठेवले आहे हे सांगत नाहीत' असे लिहिले, ते वाचून राहवले नाही.

आणीबाणीत माझ्या वडिलांना मिसाखाली नेले. ते प्राथमिक शिक्षक होते आणि सेवादलाचे काम करत. पहाटे चारच्या सुमारास फौजदार आले. आईला म्हणाले, "वहिनी, चौकशीपुरते नेतो, सकाळच्या चहाला परत येतील." मी सात वर्षांचा होतो. आईने खरोखरच सकाळी दोन कप चहा टाकला होता. वडील कुठल्या तुरुंगात आहेत हे कळायला अठरा दिवस लागले आणि ते परत यायला चौदा महिने. त्या अठरा दिवसांत आई रोज एक वेगळे दार ठोठावत होती. पुढे त्यांचे पत्र आले, त्यावर तपासणीचा शिक्का होता आणि दोन ओळी काळ्या शाईने खोडलेल्या होत्या. पण पत्र आले, म्हणजे माणूस आहे, हे कळले. शाह आयोगाच्या नोंदीनुसार देशात सुमारे ३५,००० लोक मिसाखाली होते, आणि ते सारे पर्व एकवीस महिन्यांत संपले, कारण मतदान झाले.

शांघायवारी यांनी 'चहा' हा शब्द लिहिला, तेव्हापासून मला आईचे ते दोन कप दिसत आहेत. ज्यांच्या देशात मतदानाने काही संपत नाही, त्यांच्या घरातले सहा महिने कसे जात असतील, हे मी थोडेफार समजू शकतो.

सातारकर

कृष्णाकाठ, तुमच्या मातोश्रींना नमस्कार सांगा.

गोदावरी

इथे पालघरचा उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही, असे वाटते. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल एका तरुणीला आणि ते आवडल्याची खूण केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला पोलिसांनी अटक केली होती. आपल्याच राज्यात घडलेली गोष्ट आहे. मग चीनला नावे ठेवताना आपण आपल्या अंगणात पाहू नये का?

अ‍ॅड. रेवती

अवश्य पाहावे, गोदावरीताई. पालघरमध्ये जे झाले ते लाजिरवाणे होते. पण पुढचेही पाहावे. त्या मुलींना त्याच दिवशी जामीन मिळाला, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापले, आणि त्या प्रसंगाने व्यथित झालेली कायद्याची एक विद्यार्थिनी थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ घटनाबाह्य ठरवले. त्यानंतरही काही पोलीस ठाणी ते मेलेले कलम लावत राहिली आणि २०२१ मध्ये न्यायालयाला त्याबद्दल संताप व्यक्त करावा लागला, म्हणून आपण निर्धास्त राहू नये, हे मला मान्य आहे.

चीनमध्ये मात्र जो वकील अशा मुलीच्या बाजूने उभा राहतो, तोच आत जातो. फू झिछ्यांग यांचे उदाहरण घ्या. लेखक, पत्रकार, कामगार यांचे खटले लढवणारा हा नामांकित वकील मे २०१४ मध्ये ताब्यात घेतला गेला. दीड वर्षाहून अधिक काळ कोठडीत काढल्यावर खटला चालला, आणि पुरावा म्हणून काय होते, तर वेइबोवरील सात टिपणे. तीन वर्षांची शिक्षा स्थगित ठेवली, पण वकिलीची सनद गेली.

त्याच काळातली दुसरी एक आठवण. २०१५ च्या धरपकडीत नेलेले वांग छुआनझांग यांचा तीन वर्षे पत्ता नव्हता. डिसेंबर २०१८ मध्ये त्यांच्या पत्नीने इतर वकिलांच्या पत्नींसह बीजिंगमध्ये डोक्याचे मुंडण केले. चिनी भाषेत 'केस नसणे' आणि 'कायदा नसणे' या दोन्हींचा उच्चार 'वूफा' असाच जवळपास होतो. आम्हाला केसांवाचून राहता येईल, तुम्हाला कायद्यावाचून राहता येणार नाही, असे त्या म्हणाल्या. त्या स्त्रियांपुढे मी माझा काळा कोट घालून उभी राहिले, तर मला बोलायला शब्द सापडणार नाहीत.

देवदत्त

मूळ प्रश्नाकडे येतो. मी विदाशास्त्रात काम करतो. हार्वर्डच्या गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केले. चिनी संकेतस्थळांवरील लक्षावधी मजकूर त्यांनी खोडले जाण्याआधी गोळा केले आणि नंतर कोणते उडाले ते पाहिले. निष्कर्ष अनपेक्षित होता. सरकारवरील कडवट टीका बरीच टिकून राहत होती. लोकांना एकत्र आणू शकेल असा मजकूर मात्र, तो सरकारच्या बाजूचा असला तरी, खोडला जात होता. म्हणजे पंचवीस लाख वाचकांपुढे कुरकुर करणाऱ्यापेक्षा शंभर वाचकांना 'उद्या पाच वाजता पुलाजवळ भेटू' असे सांगणारा अधिक धोकादायक.

शांघायवारी

देवदत्त, ते संशोधन मला ठाऊक आहे, पण ते शी जिनपिंग यांच्या आधीच्या काळातल्या मजकुराचे आहे आणि खोडण्याविषयीचे आहे, उचलण्याविषयीचे नव्हे. त्या कसोटीवर छ्यू झमिंगचे काय? त्याने कोणालाही कुठे बोलावले नव्हते. आणि ट्विटरचे काय? ते चीनमध्ये २००९ पासून बंद आहे. आडवाटेने जाणारे थोडेच लोक ते पाहू शकतात. तरीही २०१८ च्या अखेरीस ट्विटरवर लिहिणाऱ्यांना देशभर बोलावले गेले, कित्येकांना स्थानबद्ध केले आणि जुने सारे लिखाण त्यांच्याच हातून खोडून घेतले. जे देशात कोणी वाचतच नाही, त्यातून जमाव कसा जमणार?

माझे उत्तर मी तिथल्या एका शेजाऱ्याकडून शिकलो. तो निवृत्त सरकारी कर्मचारी होता. तिथे 'स्थैर्य राखणे' हे प्रत्येक ठाण्याच्या डोक्यावरचे काम असते आणि त्यावर अधिकाऱ्याची बढती ठरते. इंटरनेटवर पहारा देणारे पोलीस वेगळे; ते नावांची यादी खाली पाठवतात, आणि खालच्या ठाण्याला ती यादी पुरी करावी लागते. यादीतला माणूस मोठा की लहान, हे ठाणे पाहत नाही. उलट लहान माणूस सोपा. त्याच्यासाठी कोणी परदेशी दूतावास पत्रक काढणार नाही. अर्ध्या तासाची भेट, एक सही, आणि त्याची इमारत, त्याचे कार्यालय, त्याची सासुरवाडी, सगळी गप्प होतात. त्यामुळे वाटसरू, 'भीती का वाटते' या प्रश्नात थोडी दुरुस्ती सुचवतो. त्या एका माणसाची भीती वाटतेच असे नाही. तो स्वस्तात मिळतो.

वाटसरू

शांघायवारी, हे उत्तर माझ्या डोक्यात नव्हते. मी वर बसलेल्या सत्तेकडे पाहत होतो. आपण खालच्या ठाण्यातली नोंदवही दाखवलीत.

पलीकडचा_किनारा

मी अमेरिकेत एका विद्यापीठात काम करते. आमच्या प्रयोगशाळेत एक चिनी मुलगी आहे. तिची ओळख पटेल असे काही लिहीत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये उरुम्चीत टाळेबंदीतल्या इमारतीला आग लागून दहा जण गेले, आणि शांघाय, बीजिंगमध्ये तरुण कोरे कागद हातात धरून उभे राहिले. कागदावर काही लिहिलेलेच नव्हते, म्हणून तो पुरावा कशाचा, असा त्यांचा प्रश्न होता. पोलीस पुढे कित्येक दिवस रस्त्यात लोकांचे फोन उघडून त्यात टेलिग्राम आणि व्हीपीएन (बंद संकेतस्थळे उघडण्याची आडवाट) आहे का, ते तपासत होते. आमच्या आवारातही काही चिनी विद्यार्थी मेणबत्त्या घेऊन जमले. ही मुलगी तोंडाला मास्क व डोळ्यांना गडद चष्मा लावून मागे उभी होती. तिने एकच छायाचित्र टाकले, तेही दुसऱ्या नावाने, आणि त्यात फक्त मेणबत्ती होती.

नऊ दिवसांनी तिच्या आईचा फोन आला. मी शेजारी बसले होते, आणि ती फोन ठेवून तशीच बसून राहिली. आईने जेवण, थंडी, शेजाऱ्यांचे मांजर यांविषयी विचारले होते आणि शेवटी म्हटले होते, "काल पाण्याचे मीटर तपासायला दोघे आले होते. तुझा अभ्यास कसा चालला आहे, असे विचारत होते." शांघायवारी यांचे वरचे लिखाण वाचेपर्यंत त्या वाक्याचा पूर्ण अर्थ मला कळला नव्हता. तिने मला तेव्हा फक्त एवढेच सांगितले की आमच्या घरातले मीटर आत नाही, बाहेर जिन्यात आहे.

मृण्मयी

असेच मिनेसोटाच्या एका चिनी विद्यार्थ्याचे झाले होते ना? अमेरिकेत असताना ट्विटरवर नेत्याची टर उडवणारी चित्रे टाकली, २०१९ च्या उन्हाळ्यात सुटीला वूहानला गेला आणि सहा महिने आत राहिला.

पलीकडचा_किनारा

होय, तेच प्रकरण ती मुलगी मला सांगत होती. आणि इटलीत राहून चीनमधल्या निदर्शनांच्या चित्रफिती प्रसारित करणारा एक चित्रकार आहे, 'ली गुरुजी' या टोपणनावाने ओळखला जाणारा. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने सांगितले की त्याला केवळ अनुसरणाऱ्यांनाही पोलीस बोलावत आहेत, तेव्हा ज्यांना भीती वाटते त्यांनी त्याला अनुसरणे सोडून द्यावे. काही दिवसांतच लाखाच्या वर लोक कमी झाले. त्यांनी काही लिहिले नव्हते. ते फक्त वाचत होते.

अ‍ॅड. रेवती

नाव लपवले तरी माणूस सापडतो कसा, असे कोणी विचारण्याआधीच लिहिते, कारण याची सुरुवात फार जुनी आहे. हुनान प्रांतातले पत्रकार शी ताओ यांनी एप्रिल २००४ मध्ये, १९८९ च्या थ्येनआनमन हत्याकांडाच्या पंधराव्या स्मृतिदिनी वर्तमानपत्रांनी काय छापू नये याविषयी आलेल्या आदेशाचा सारांश, याहूच्या टपालातून परदेशी पाठवला होता. खाते कोणाचे, ही माहिती याहूने चिनी अधिकाऱ्यांना पुरवली. त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या सुनावणीत कंपनीच्या प्रमुखांना शी ताओ यांच्या वृद्ध आईपुढे मान झुकवून माफी मागावी लागली. आता तर प्रत्येक खात्यामागे खरे नाव व फोन क्रमांक असतो, आणि २०२२ पासून वेइबोवर प्रत्येक मजकुराखाली लिहिणाऱ्याचा प्रांत आपोआप दिसतो. विचारायला कोणाकडे जावेच लागत नाही.

नीलकंठ

मी वर राईनपाड्याचे उदाहरण दिले होते, ते अजूनही मला महत्त्वाचे वाटते. तिथे मेलेल्या पाच जणांना खोट्या संदेशांनी मारले आणि अशा संदेशांवर कायद्याचा धाक हवा, या मतावर मी ठाम आहे. पण त्या उदाहरणाचा आधार घेऊन मी 'समज देणे' या गोष्टीचे समर्थन केले, ते मागे घेतो. आयुष्यात मी कधी पोलिसांपुढे सही केलेली नाही. मेडिको यांनी लिहिलेले ते दोन शब्द वाचल्यावर मी कागद घेऊन स्वतःच्या हाताने 'जमेल' आणि 'समजले' असे लिहून पाहिले. पुढे काही लिहायचे सुचले नाही.

वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. नीलकंठ, आपल्या प्रतिसादामुळे हा धागा काढल्याचे समाधान वाटले. पलीकडचा किनारा, एक विचारू का? ती मुलगी आता आईशी बोलते का?

पलीकडचा_किनारा

बोलते, दर रविवारी. दोघी पाऊस, भाज्यांचे भाव आणि मांजर यांविषयी बोलतात. गेल्या दोन वर्षांत ती घरी गेलेली नाही. मागच्या महिन्यात आईने विचारले की उन्हाळ्यात येणार का, आणि तिने उत्तर द्यायच्या आत आईच म्हणाली, "राहू दे, तिकिटे महाग असतील."